चेहऱ्यावरचं वय: किती वर्षांचं, किती उन्हाचं

उभी हयात शेतात गेलेल्या सत्तरीच्या माणसाची मान मागच्या बाजूनं पाहा. कातडी जाड, रापलेली, आणि तिच्यावर एकमेकींना छेदत जाणाऱ्या खोल रेषांच्या चौकटी. आता त्याच माणसाच्या दंडाची आतली बाजू पाहा. तिथली कातडी पातळ झालेली असते, चिमटीत धरली तर सावकाश जागेवर जाते, पण ती मऊ असते, एकसारख्या रंगाची असते आणि तिच्यावर डाग जवळजवळ नसतात. दोन्हीकडे वय सत्तरच. फरक उन्हाचा.

हा फरक डॉक्टरांच्या नजरेत आला तो कष्टकऱ्यांच्या अंगावर. हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरात काम करणारे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गर्सन उना यांनी 1894 मध्ये खलाशांच्या चेहऱ्यावरच्या आणि हातांवरच्या बदलांचं वर्णन केलं, आणि त्याच कातडीवर पुढे कर्करोग होतो हेही नोंदवलं. फ्रान्समध्ये बोर्दोचे डॉक्टर विल्यम दुब्रॉय यांना द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांमध्ये तेच दिसलं; शहरात सावलीत काम करणाऱ्यांमध्ये ते फारसं दिसत नव्हतं.

पण युरोप तेव्हा उन्हाच्या प्रेमात पडत होता, आणि त्याला कारणही होतं. त्वचेच्या क्षयावर प्रकाशानं उपचार करणारे नील्स फिन्सन यांना 1903 साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लेझां गावात ऑग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांसाठी सूर्यस्नानाचं रुग्णालय काढलं. क्षय आणि मुडदूस घरोघरी असताना ऊन म्हणजे औषध, हा समज पक्का झाला; पुढे रापलेली कांती ही सुट्टीची आणि श्रीमंतीची खूण ठरली. जॉर्ज फिंडले यांनी 1928 मध्ये अतिनील किरणांनी उंदरांच्या कातडीवर गाठी उठतात हे दाखवलं, तरी समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी हटली नाही. सनस्क्रीन आलं तेही भाजू नये म्हणून. फ्रान्झ ग्रायटर यांनी 1970च्या दशकात रूढ केलेला ‘एसपीएफ’चा आकडा आजही मुख्यतः कातडी लाल व्हायला किती वेळ लागतो हेच मोजतो. लाली आणणारे अतिनील किरण बहुतांशी ‘यूव्हीबी’ प्रकारचे. खोलवर जाऊन कातडी म्हातारी करणारे ‘यूव्हीए’ प्रकारचे किरण त्या आकड्यात नीट उतरतच नाहीत.

म्हातारपण आणि ऊन यांची फारकत ठामपणे केली ती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी. उन्हामुळे होणारी मोडतोड सुरकुत्या दिसण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणीच सुरू झालेली असते, हे त्यांनी 1969 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. ‘फोटोएजिंग’ हा शब्द 1980च्या दशकात रुळला तो त्यांच्या आणि लोरेन क्लिगमन यांच्या लेखनामुळे. मुरुमांसाठी त्यांनी वापरात आणलेलं ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध उन्हानं खराब झालेल्या कातडीवरही काम करतं, हेही त्यांच्याच गटानं 1986 मध्ये मांडलं. आज बाजारात ‘रेटिनॉल’ नावानं जे काही विकलं जातं, त्याचं मूळ इथे आहे.

या कामाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. फिलाडेल्फियातल्याच होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर, त्यांतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांवर, क्लिगमन यांनी 1951 ते 1974 या काळात प्रयोग केले. चार पैशांसाठी पाठ पुढे करणाऱ्या त्या माणसांना आपल्यावर काय लावलं जातंय हे धड सांगितलंही जात नव्हतं. फिलाडेल्फिया शहरानं याची जाहीर माफी मागितली ती 2022 मध्ये.

तंबाखूच्या धुरानंही कातडी सुरकुतते हा संशय जुना, पुरावा मात्र उशिरा आला. कॅलिफोर्नियातले डॉक्टर हॅरी डॅनियल यांनी 1971 मध्ये अकराशेहून जास्त लोकांच्या सुरकुत्या तपासल्या. धूम्रपान करणारी चाळिशीतली माणसं, न करणाऱ्या साठीतल्या माणसांइतकीच सुरकुतलेली निघाली. धुरानं त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. मिशिगन विद्यापीठातल्या फिशर आणि व्होरहीस यांनी 1996-97 मध्ये दाखवलं की अतिनील किरणही हीच विकरं जागी करतात, तीही कातडी लाल होण्याइतकं ऊन लागलेलं नसताना. वाढत्या वयात कोलॅजन असंही दरवर्षी साधारण एक टक्क्यानं घटतं. ऊन आणि धूर त्यावर रोजची भर घालतात.

काचेनं काही वाचत नाही. अमेरिकेत 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका 69 वर्षांच्या माणसाचा फोटो 2012 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथे चालक डावीकडे बसतो. खिडकीकडचा डावा गाल लोंबलेला, खोल घड्या पडलेला. उजवा त्या मानानं कितीतरी तरुण. काच यूव्हीबी अडवते, यूव्हीएला बऱ्याच अंशी वाट देते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक.

सवय बदलून उपयोग होतो का, याचं सगळ्यांत भक्कम उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावानं दिलं. तिथे 1992 पासून साडेचार वर्षं काही जणांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. पंचावन्नच्या आतल्या 903 जणांच्या कातडीची तुलना 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज लावणाऱ्यांत म्हातारपणाच्या खुणा 24 टक्क्यांनी कमी होत्या.

आता एक अडचण. हे जवळपास सगळं ज्ञान गोऱ्या कातडीवर उभं आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये त्वचेचे प्रकार पाडले तेव्हाही सावळ्या आणि काळ्या त्वचेचे वेगळे गट नव्हते, ते नंतर जोडले गेले. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य सुरकुत्या काही वर्षं लांबवतं. ऊन आपल्याकडे आधी रंगात दिसतं. गालावर वांग, कपाळाच्या कडेला काळपटपणा, डोळ्यांखाली डाग. त्यामुळे उन्हापासून जपण्याची गोष्ट आपल्याकडे गोरं होण्याच्या गोष्टीत मिसळून गेली, आणि यात आपलं फार नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे.

त्याच 1975 मध्ये क्लिगमन यांनी डाग घालवायचा एक नुस्खा प्रसिद्ध केला: रंग फिकट करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या आठवड्यांसाठी वापरायची ही गोष्ट. तिची भावंडं आपल्याकडे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळू लागली आणि बायका-मुली ती रोजची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावत राहिल्या. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, केस येतात. क्रीम थांबवली की आग आग होते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. देशभरातल्या 12 केंद्रांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी सुमारे 15 टक्के लोक स्टेरॉइड लावत होते. सरकारनं 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली.

घरातल्या धुराचा हिशेब तर अलीकडेच मांडला जाऊ लागला आहे. जर्मनीत वाहनांच्या काजळीचा संबंध चेहऱ्यावरच्या डागांशी जोडला गेला तो 2010 मध्ये. चीनमध्ये लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांमध्ये चेहऱ्यावरच्या घड्या जास्त खोल आढळल्या. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या आपल्याकडच्या बायकांची अशी मोजणी व्हायला हवी.

सावळ्या त्वचेबद्दलची एक महत्त्वाची भर 2010 मध्ये डेट्रॉइटच्या संशोधकांनी घातली. डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा सावळ्या त्वचेला काळवंडवतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. नेहमीची पांढरी सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाहीत; आयर्न ऑक्साइड घातलेली, कातडीच्या रंगाची सनस्क्रीन अडवतात, पण ती महाग पडतात. दाट विणीचं सुती कापड मात्र अतिनील किरणही अडवतं आणि हा प्रकाशही. पुण्यात दुचाकीवर स्कार्फ आणि सनकोट घालून निघणाऱ्या मुली किंवा ऊसतोडीला जाताना डोक्या-तोंडाला फडकं गुंडाळणाऱ्या बायका वांग टाळण्यासाठी जे करतात, त्याला आता प्रयोगशाळेचाही आधार आहे.