गुणसूत्र संघनन

पेशीविभाजनाच्या सुरुवातीला केंद्रकात पसरलेले डीएनएचे धागे आखूड व जाड होतात आणि गुणसूत्रे सुटी दिसू लागतात. यालाच गुणसूत्र संघनन म्हणतात. माणसाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो. तो न गुंतता, न तुटता दोन्ही कन्यापेशींत वाटला जायचा तर आधी आवरावा लागतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये सॅलॅमँडरच्या पेशींवरून या विभाजनाचे तपशीलवार वर्णन केले.

सोलापूर ही कांद्याची मोठी बाजारपेठ. त्यामुळे गुणसूत्रे प्रत्यक्ष पाहण्याच्या प्रयोगाचे साहित्य इथे दारात मिळते. कांद्याच्या कोवळ्या मुळांची टोके सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबली की १६ ठसठशीत गुणसूत्रे दिसतात. कांद्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण संच, माणसाच्या सुमारे पाचपट असल्याने साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. मुळे मात्र ताजीच हवीत.

डीएनए आधी हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, पण ती गुंडाळी विभाजन नसतानाही असतेच. खरे काम कंडेन्सिन या प्रथिनसंकुलाचे. ते एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा वापरून डीएनएचे लूप ओढून काढते. २०१८ मध्ये यीस्टच्या कंडेन्सिनचे हे काम प्रत्यक्ष पाहता आले. सोलापुरी टेरी टॉवेलच्या पायाच्या विणीतून जसे लूप बाहेर येतात, तसे हे लूप गुणसूत्राच्या मधल्या अक्षातून बाहेर पसरतात. पाठ्यपुस्तकांत आजही छापला जाणारा गुंडाळीवर गुंडाळीचा जिना त्यामानाने फारच सोपा आहे.

कंडेन्सिनचे दोन प्रकार आहेत. एसएमसी२ आणि एसएमसी४ ही जनुके दोन्हींना सामाईक. पहिल्या प्रकारात त्यांच्या जोडीला एनसीएपीडी२, एनसीएपीजी व एनसीएपीएच, तर दुसऱ्यात एनसीएपीडी३, एनसीएपीजी२ व एनसीएपीएच२ ही जनुके लागतात. दुसरा प्रकार केंद्रकातच असतो, म्हणून पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, तोच आधी कामाला लागतो. पहिल्याला केंद्रकपटल विरघळेपर्यंत थांबावे लागते. सुरुवातीचा इशारा सीडीके१ या विकराकडून येतो. गुंतलेले धागे कापून पुन्हा जोडण्याचे काम टोपोआयसोमरेज-२ करते. त्याचे या कामातले मुख्य जनुक टॉप२ए.

संघनन वेळेआधी होणेही घातक. एमसीपीएच१ हे जनुक एरवी दुसऱ्या कंडेन्सिनला आवरून धरते. आईवडील दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत मिळाल्यास बाळाचा मेंदू व डोके लहान राहते, आणि अशा रुग्णांच्या रक्तपेशी तपासल्यास पूर्वावस्थेत असल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त आढळतात.