‘डोया’ की ‘डोळा’: मानव्यविद्यांतल्या संशोधनाचा पडताळा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात जात्यावरची ओवी सांगणारी आजी ‘डोया’ म्हणते आणि ती उतरवून घेणारा विद्यार्थी शाळेतल्या वळणाने ‘डोळा’ लिहून मोकळा होतो. अहिराणीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, हे खानदेशात कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु अशा ओव्यांचा संग्रह छापून झाला आणि मूळ ध्वनिमुद्रण पुसले गेले, की त्या गावच्या बोलीत ‘ळ’ टिकून आहे असे पुढचा अभ्यासक बिनदिक्कत लिहितो आणि त्याला खोडून काढण्यासाठी कोणापाशी काही उरत नाही.

प्रयोगशाळेतला प्रयोग दुसऱ्याने करून पाहायचा असतो. मानसशास्त्रातले १०० अभ्यास असे पुन्हा केले गेले, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांहूनही कमी निष्कर्षांना दुजोरा मिळाला, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ओवी मात्र तशीच्या तशी पुन्हा म्हटली जात नाही आणि कवितेचा अर्थ दोघांनी एकच लावावा अशी अपेक्षाही नसते. इथे पडताळा म्हणजे निष्कर्षापासून मूळ साधनापर्यंत उलट चालत जाण्याची सोय.

ती सोय धुळ्याच्या परिचयाची आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत छापली, ती मूळ पत्रांसह. त्यामुळे त्यांच्या प्रस्तावनांशी कडाडून भांडणाऱ्यालाही तेच पत्र वाचून भांडता आले. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे कित्येक तर्क पुढे टिकले नाहीत, पण पत्रे टिकली. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी ब्रिटिश काळात केलेल्या भारतातल्या भाषा-सर्वेक्षणाचेही असेच आहे. १९०७ च्या खंडात त्यांनी खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ल बोलींच्या शेजारी बसवले. ते वर्गीकरण मान्य नसलेल्यालाही प्रत्येक बोलीत सांगवून घेतलेली तीच एक बायबलातली उधळ्या मुलाची कथा आणि ठरावीक शब्दांची यादी समोर ठेवून स्वतः तुलना करता येते.

संगणकाने काम सोपे केले, तसा एक अदृश्य खड्डाही आणला. ‘तापीच्या खोऱ्यात’ यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्तानंतर न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणक मात्र ते दोन निरनिराळे शब्द म्हणून मोजतो. म्हणून शब्दगणनेच्या तक्त्यासोबत मूळ संहिता, तिच्यावर केलेली साफसफाई आणि ज्या आज्ञावलीने मोजणी केली ती आज्ञावली, या तिन्ही गोष्टी जपाव्या लागतात. आपल्याकडे बहुधा तक्ताच तेवढा छापतात.

ओवीपाशी गाव, तारीख, सांगणारीचे वय, माहेर आणि सासर यांची नोंद हवी. माहेर विशेषकरून, कारण बोली लग्नाबरोबर गाव बदलते. सगळेच उघड करता येईल असे नाही. आजीने ‘मनं नाव लिखू नको’ म्हटले, तर नाव झाकावे, ध्वनिफीत कुलपात ठेवावी आणि ती कोठे आहे व कोणाच्या परवानगीने ऐकता येईल, एवढे मात्र छापील पानावर लिहावे.