दाबाची मापे: पाऱ्याच्या नळीपासून पास्कलपर्यंत

खेचून पाणी वर आणणारा पंप कितीही चांगला असला तरी पाणी साधारण १० मीटरच्या वर चढत नाही, हे सतराव्या शतकातल्या इटलीत पंपवाल्यांना अनुभवाने कळले होते. ‘निसर्गाला पोकळी सोसत नाही’ हे जुने उत्तर इथे लटके पडले. ही नावड नेमकी १० मीटरवरच का संपावी?

इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीचे म्हणणे असे, की पंप पाणी ओढतच नाही. बाहेरची हवा आपल्या वजनाने ते वर ढकलते. मग पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड पारा घेतला, तर तोच खेळ मीटरभर नळीत आटोपेल. आटोपलाही. पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. १६४४ च्या पत्रात त्याने लिहिले, की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. १६४८ मध्ये फ्रेंच गणितज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटरने उतरलेला होता.

तेव्हापासून दाब ‘उंचीत’ सांगायची सवय लागली, आणि माझ्या मते घोळाचे मूळ तिथेच आहे. दाब म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावर पडणारे बल; उंची हा त्याचा फक्त परिणाम. शिवाय तापमान बदलले की पाऱ्याची घनता बदलते. बंद भांड्यातल्या वायूला तर स्तंभाच्या वजनाशी देणेघेणेच नाही. तिथला दाब म्हणजे भिंतींवर सतत आदळणारे कण, हे स्विस गणितज्ञ डॅनिएल बेर्नुलीने १७३८ मध्येच मांडले होते.

पुढे ज्याने त्याने आपले माप धरले. इंग्रजी मापे वापरणारे अभियंते पौंड प्रति चौरस इंच म्हणू लागले, हवामानवाले मिलिबार. १९५४ मध्ये प्रमाण वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचे ठरावीक माप, १,०१,३२५ न्यूटन प्रति चौरस मीटर ठरले, आणि १९७१ मध्ये न्यूटन प्रति चौरस मीटर या एककाला ‘पास्कल’ नाव मिळाले. ते इतके लहान, की रोजच्या कामात किलोपास्कल किंवा बारच बरा. १ बार म्हणजे १ लाख पास्कल. मिलिबार (बारचा हजारावा भाग) आणि हेक्टोपास्कल (१०० पास्कल) एकच, त्यामुळे हवामानाच्या नकाशांवरचे आकडे नाव बदलूनही तेच राहिले.

एककापेक्षा जास्त फसवतो तो शून्य. पंक्चर टायरवर दाब मोजणारे गेज शून्य दाखवते, पण आत वातावरणाइतका दाब असतोच. गेज फक्त त्यावरचा भाग मोजते. रक्तदाबाचेही तसेच. डॉक्टर १२० मिलिमीटर पारा म्हणतात तेव्हा समुद्रसपाटीला धमनीतला खरा दाब सुमारे ८८० असतो.