होयबांचा गराडा (लष्करी निर्णय)

सत्ताधाऱ्याभोवती त्याचीच री ओढणारे सल्लागार जमले की युद्धाचा हिशेब त्याच्या इच्छेप्रमाणे मांडला जातो. होयबा दर वेळी खोटे बोलतो असे नाही. बरेचदा तो नकोशी बातमी उशिरा सांगतो, नाहीतर मवाळ करून सांगतो. घात त्यानेच होतो.

ठाणे-पनवेलकरांना याचे उदाहरण दाराशीच आहे. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला (आजचे मध्यवर्ती कारागृह) घेतला. पुढच्याच वर्षी सुरतेच्या तहात राघोबादादांनी त्यांना साष्टी (ठाण्यासह मुंबईलगतचे बेट) लिहून दिली. तेव्हा पुण्यात दादांचीच सत्ता यावी, हे मुंबई कौन्सिलला (ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या कारभारी मंडळाला) हवेच होते, आणि दादाही तिला रुचेल तेच सांगत: फौज घाटावर दिसली की सरदार येऊन मिळतील. ज्यांच्यावर हा भरवसा होता त्यांतले पुणे दरबारातले कारभारी मोरोबा फडणीस 1778 च्या जुलैतच कैद झाले. तरी बेत तोच राहिला. कलकत्त्याहून निघालेल्या फौजेचीही वाट पाहिली नाही. नोव्हेंबरात सुमारे 3,900 माणसे आणि 19,000 बैल पनवेलला उतरले. एवढा लवाजमा बोरघाट चढवून पुढे नेताना दिवसाला दोन मैलही चाल होईना. सरदार कोणी आले नाहीत. तळेगावला पोचले तेव्हा गाव जाळलेले, दाणावैरण नाहीशी. तोफा तळ्यात ढकलून रातोरात माघार घेतली आणि वडगावला वेढले गेले. जानेवारी 1779 च्या तहात ठाण्यासह साष्टी परत देण्याचे कबूल करावे लागले; कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तो तह मानला नाही, ही गोष्ट वेगळी. खापर मोहिमेवर निघालेल्या फौजेचा सेनापती कर्नल इगर्टनवर फुटले, तो बडतर्फ झाला. ते अन्यायाचे वाटते, कारण चूक पनवेलच्या बंदरावर पाय ठेवण्याआधीच झाली होती.

जपानी आरमाराने पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाच्या लढाईपूर्वी, मे 1942 मध्ये, कागदावर लढाईची तालीम केली. पंचांनी ‘कागा’ ही विमानवाहू नौका बुडाल्याचे ठरवले. वरिष्ठांनी निकाल फिरवून तिला पुन्हा खेळात घेतले. जूनमध्ये ‘कागा’सह चार विमानवाहू नौका खरोखर बुडाल्या.

1962 मध्ये चीन सीमेवरच्या थागला कड्यावरील भारतीय कारवाईला लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी रसद आणि तयारीच्या मुद्द्यावर हरकत घेतली. त्या आघाडीची जबाबदारी त्यांच्याकडून काढून नव्या कोअरचे प्रमुख बी. एम. कौल यांना दिली गेली. 1973 मध्ये इजिप्त-सीरियाच्या अनपेक्षित हल्ल्याने बसलेल्या धक्क्यानंतर इस्रायलच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाने मात्र उलटी वाट धरली: प्रचलित अंदाजाविरुद्ध बाजू मांडणे हेच काम असलेला गट त्यांनी नेमला, आणि त्याला थेट वरिष्ठांपर्यंत टिपण पाठवण्याची मुभा दिली.