डुक्कर शेपटी का चावतं?

डुकरं दिसली की मुंबईत हमखास ऐकू येतं, ‘घाणीतच रमणारी जात, एकमेकांच्या शेपट्याही खातात!’ पण हा जातीचा दोष नाही. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून ते अंग गार करायला चिखलात लोळतं. पुरेशी जागा मिळाली तर झोपायच्या जागेपासून लांब हगतं.

शेपटी चावण्यामागे बहुतेकदा ओकाबोका सिमेंटचा गोठा असतो. नाकाने उकरणं ही त्याची गरज. उकरायला काहीच नसलं की तोंड शेजाऱ्याच्या शेपटीकडे वळतं. तिथे भाताचा पेंढा टाका, मुसकट खुपसून काडी न्‌ काडी चघळत बसतं. चघळायला नुसत्या टांगलेल्या साखळीचा मात्र लवकर कंटाळा येतो. गर्दी, कोंदट हवा, खाण्यासाठीची रेटारेटी यांनीही चावणं वाढतं. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशात उकरायला साहित्य कायम देणं बंधनकारक आहे आणि चावाचावी टाळायला म्हणून सरसकट शेपट्या कापायला मनाई आहे. आपल्याकडेही सुरी उचलण्याआधी पेंढा द्यायलाच हवा.