दुग्धजन्य पदार्थांची जप्ती (भारत)

खराब झालेला किंवा तसा संशय असलेला खवा, पनीर, दही, लोणी यांसारखा माल अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने ताब्यात घेणे. ही कारवाई अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 38 नुसार होते. 2011 पर्यंत त्याजागी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा लागू होता. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. मिठाईसाठी खव्याची मागणी वाढते तेव्हा, म्हणजे गणपती-दिवाळीच्या तोंडावर, असे छापे अधिक पडतात.

आंबूस वास, बुळबुळीत झालेले पनीर किंवा खव्यावरची बुरशी सहज लक्षात येते. खरा धोका न दिसणारा असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे विष उकळूनही नष्ट होत नाही, त्यामुळे असा माल पुन्हा तापवून विकणे हा उपाय नव्हे.

कारवाईची सगळी मदार नमुन्यावर असते. विक्रेत्याला लेखी सूचना देऊन साक्षीदारांसमोर नमुना घेतात आणि त्याची किंमत विक्रेत्याला चुकती करतात. नमुन्याचे चार भाग करून प्रत्येक सीलबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, त्याने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. विक्रेत्याने मागणी केल्यास एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. दुधाचा नमुना नासू नये म्हणून त्यात फॉर्मलिनचे थेंब टाकतात. जंतूंची तपासणी करायची असेल तर मात्र ते चालत नाही, कारण फॉर्मलिन जंतूंनाच मारते. असा नमुना निर्जंतुक भांड्यात घेऊन थंडच ठेवावा लागतो. इथे हलगर्जी झाली तर खटला तिथेच कमकुवत होतो.

जप्त साठा बहुधा विक्रेत्याच्याच ताब्यात, हमीपत्र घेऊन, ठेवला जातो. पण नाशवंत माल अहवालाची वाट पाहत नाही. तो खाण्यायोग्य राहिला नसल्याची अधिकाऱ्याची खात्री झाली, तर विक्रेत्याला लेखी नोटीस देऊन तो नष्ट करता येतो. एकदा साठा गेला की पुरावा म्हणून उरतात ते नमुने आणि पंचनामाच. म्हणून नष्ट करण्यापूर्वीची नोंद काटेकोर असणे अत्यावश्यक आहे.

असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास कलम 59 नुसार जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. अधिकाऱ्यावरही अंकुश आहे: सबळ कारणाशिवाय, त्रास देण्यासाठी जप्ती केल्यास कलम 39 नुसार त्याला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होतो.