स्प्राइट ढगातून निघत नाही

३ जुलै २०२५ रोजी अंतराळवीर निकोल एयर्स यांनी अंतराळ स्थानकातून टिपलेला फोटो ‘स्प्राइट’ म्हणून, म्हणजे वादळी ढगांच्या खूप वर क्षणभर चमकणारा लाल प्रकाश म्हणून, जगभर फिरला. ढगाच्या माथ्यातून उसळलेला प्रकाशाचा खांब आणि वर लाल फांद्या. तो स्प्राइट नव्हता, जायगँटिक जेट होता. एयर्स यांनीही नंतर तसं सांगितलं. तरीही गोंधळ सुरूच आहे.

ढगातून जमिनीवर पडणारी वीज सगळ्यांना माहीत आहे. जेट तिचीच बहीण. ढगातल्या वरच्या आणि मधल्या थरांतल्या विद्युतभाराचा तोल बिघडला की आतली वीज माथा फोडून वर निघते. ब्लू जेट ४०-५० किलोमीटरपर्यंत जातं, जायगँटिक जेट थेट आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या, तळापर्यंत.

स्प्राइटची गोष्टच वेगळी आहे. ‘वर जाणारी वीज’ हे त्याचं वर्णन मला अजिबात पटत नाही. स्प्राइटच्या आधी बहुतेक वेळा खाली जमिनीवर धनभार वाहून नेणारी जबरदस्त वीज पडते. ढगातला एवढा भार अचानक नाहीसा झाला की ढगावरच्या सगळ्या हवेत विद्युतक्षेत्र उभं राहतं. उंचीबरोबर ते क्षीण होत जातं हे खरं, पण हवा त्याहून झपाट्याने विरळ होते. ७० किलोमीटरवर तिची घनता जमिनीलगतच्या हवेच्या दहा हजारांश हिश्शाहूनही कमी असते, आणि अशा हवेत ठिणगी पडायला थोडंसं क्षेत्र पुरतं. म्हणून ढगाच्या माथ्यावर काहीच घडत नाही आणि त्याच्या कितीतरी वर, ७०-७५ किलोमीटरवर, हवा पेटते. तिथून प्रकाशाचे धागे आधी खाली उतरतात, मग वर फुटतात. ढगातून काहीही वर गेलेलं नसतं! भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी हे गणित १९२० च्या दशकातच मांडलं होतं. पहिलं चित्र मात्र १९८९ साली, मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना कॅमेऱ्याची चाचणी घेताना मिळालं.

‘लाल तो स्प्राइट, निळं ते जेट’ ही खूण सोडून द्या. जायगँटिक जेटचा शेंडाही लालच असतो.

फोटोत प्रकाशाचं खालचं टोक बघा. ते ढगाला चिकटलेलं असेल तर जेट. मध्ये काळोखी पोकळी असेल तर स्प्राइट. ढग क्षितिजाआड असेल तर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. स्प्राइट साधारण एक-दोन फ्रेममध्ये संपतो, जायगँटिक जेट मात्र कितीतरी फ्रेम चढत राहतं.